बसवाढ आणि केबलच्या तारा: हे विषय नगर परिषदेपुढे कसे मांडावेत

इंदूर महापालिकेच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या, पण नोकरी, कॉलेज, दवाखाना आणि बाजार यांसाठी रोज इंदूरला जाणाऱ्या राऊ, महूगाव, बेटमा, हातोद, सांवेर अशा गावांतील रहिवासी आपल्या नगर परिषदेकडे दोन मागण्या पुन्हा पुन्हा नेतात. शहराची बस आमच्यापर्यंत नीट आणा, जमल्यास मेट्रोही आणा, ही पहिली मागणी. केबल आणि इंटरनेटवाल्यांनी खांबाखांबांवर जे जाळे विणून ठेवले आहे त्याला शिस्त लावा, ही दुसरी. दोन्ही मागण्या रास्त आहेत. तरीही बहुतेक वेळा त्या बैठकीच्या नोंदीत ‘चर्चा झाली’ एवढ्यावरच संपतात, कारण मागणारा परिषदेकडे तिच्या अधिकारात नसलेली गोष्ट मागतो आणि तिच्या अधिकारातली गोष्ट मागायची राहून जाते.

हे मी अनुभवाने शिकले. आमच्या गल्लीच्या वळणावर केबलची एक तार इतकी खाली आली होती की शेजारच्या काकूंनी ती जुन्या साडीच्या काठाने विजेच्या खांबाला बांधून ठेवली होती, आणि दुधाची गाडी आली की दूधवाला एका हाताने ती तार वर धरून गाडी पुढे काढत असे. बावीस सह्यांचा अर्ज घेऊन मी एका स्थानिक कार्यालयात गेले आणि ‘या केबलचालकाचा ठेका रद्द करावा’ अशी मागणी केली. अर्ज स्वीकारला गेला, पावती मिळाली, आणि सात आठवड्यांनी एका ओळीचे उत्तर आले की केबलचालकाला या कार्यालयाने कोणताही ठेका दिलेला नाही. उत्तर कायद्याने अगदी बरोबर होते. चूक माझ्या मागणीत होती, आणि त्या सात आठवड्यांत तार तशीच लोंबत राहिली.

म्हणून पहिली गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. आपली नगर परिषद बस चालवत नाही आणि केबलचा परवानाही देत नाही, पण बस जिथे थांबते आणि तार जिथून जाते ती जागा, तो रस्ता, तो पथदिव्याचा खांब पुष्कळदा तिच्याच ताब्यात असतो. परिषदेची खरी ताकद त्या जागेत आहे. त्याखेरीज तिच्यापाशी ठरावाची ताकद आहे, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाने एकमुखाने लिहून वरच्या यंत्रणेकडे पाठवलेली शिफारस. आपल्या मागणीचे हे दोन भाग वेगळे करता आले, तर अर्ध्याहून अधिक काम झाले असे समजावे.

खांब कोणाचा, रस्ता कोणाचा

अर्ज लिहायला बसण्यापूर्वी वही आणि मोबाइल घेऊन एकदा पायी फिरावे, आणि हे काम सकाळच्या उजेडात करावे. विजेचे खांब वीज वितरण कंपनीचे असतात, आणि इंदूर विभागात ती मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी आहे. निव्वळ पथदिव्यासाठी उभारलेले खांब सहसा स्थानिक संस्थेचे असतात. याखेरीज कडेला रोवलेले बारीक लोखंडी खांब दिसतात, ज्यांवर वीज नसते, फक्त काळ्या तारांची वेटोळी आणि प्लास्टिकच्या पेट्या असतात. ते केबल किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याने स्वतः उभारलेले असतात. प्रत्येक खांबाचा फोटो घ्यावा, त्यावर रंगवलेला क्रमांक असल्यास तो टिपावा, आणि तारेला किंवा पेटीला एखाद्या सेवादात्याची चिठ्ठी वा पट्टी असल्यास तीही जवळून टिपावी. लोंबणारी तार जमिनीपासून साधारण किती उंचीवर आहे, तिच्याखालून शाळेची बस किंवा पाण्याचा टँकर जातो का, पावसात ती विजेच्या तारेला लागते का, हे शेजारी एका ओळीत लिहावे.

रस्त्यांचेही तसेच आहे. राऊ सर्कलजवळचा महामार्ग आणि आतल्या वसाहतीतला रस्ता यांचे मालक एक नाहीत. काही रस्ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, काही परिषदेकडे, आणि नव्या वसाहतीतले काही अजून विकासकाने हस्तांतरितच केलेले नसतात. महामार्गाच्या कडेला बसथांब्याचा निवारा बांधा अशी मागणी परिषदेकडे केली, तर ती फार तर पत्र लिहू शकते. त्याच थांब्यापर्यंत वसाहतीतून येणाऱ्या पायवाटेवर दिवे लावा अशी मागणी केली, तर ती स्वतः कामाला लागू शकते. कोणता रस्ता कोणाचा हे परिषदेच्या बांधकाम शाखेत विचारता येते. तोंडी उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात विचारावे, त्याविषयी पुढे लिहिलेच आहे.

केबलचा परवाना कोण देतो

परदेशात, विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्या आप्तांकडून आपण ऐकतो की त्यांच्या गावाच्या सभेत केबल कंपनीच्या कराराचे नूतनीकरण चर्चेला आले. तिथे ते खरे आहे. १९८४ च्या केबल कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांचा हा अधिकार संघीय चौकटीत बसवला. केबल सेवेतून मिळणाऱ्या एकूण उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ५ टक्के रक्कम गाव शुल्क म्हणून घेऊ शकते, आणि नूतनीकरणाची औपचारिक प्रक्रिया मुदत संपण्याच्या तीन वर्षे आधीपासून सुरू करता येते, जेणेकरून गावाच्या गरजा काय आहेत हे लोकांकडून ऐकून घ्यायला वेळ मिळावा. ही पद्धत मला आवडते, पण ती आपल्याकडे नाही, आणि ती आहे असे गृहीत धरून अर्ज केला की माझ्यासारखे सात आठवडे वाया जातात.

आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नेटवर्क (विनियमन) अधिनियम, १९९५ आणि त्याखालचे १९९४ चे नियम लागू आहेत. (नियमांचे वर्ष आधीचे आहे, कारण ते मूळ अध्यादेशाखाली निघाले होते.) पूर्वी स्थानिक केबलचालक मुख्य टपाल कार्यालयात दरवर्षी नोंदणी करत असे. १७ जानेवारी २०२५ पासून ही नोंदणी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर होते, तिची मुदत पाच वर्षांची आहे, शुल्क ५,००० रुपये आहे, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी करावा लागतो. ज्या मोठ्या संस्थांकडून स्थानिक चालक वाहिन्यांचा संकेत घेतो, त्या बहुप्रणाली चालकांची नोंदणी दहा वर्षांची असते, आणि २०२३ च्या दुरुस्तीने तिचे नूतनीकरणही दहा वर्षांसाठी होते. या साखळीत नगर परिषद कुठेच नाही.

मग परिषदेकडे काय मागावे? याच अधिनियमातील कलम ४ ख वाचावे. हे कलम २०११ च्या दुरुस्तीने आले आणि माझ्या मते आपल्या कामाचे कलम हेच आहे. सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यातील मालमत्तेवरून, खालून किंवा कडेने केबल टाकण्याची आणि खांब रोवण्याची मुभा ते चालकाला देते, पण त्यासाठी चालकाने प्राधिकरणाकडे विनंती करायची आणि प्राधिकरणाने परवानगी द्यायची, असा मार्ग त्यात आहे. खोदलेली जागा चालकाने पूर्ववत करून द्यायची किंवा तिचा खर्च भरायचा, आणि यांपैकी काय स्वीकारायचे हे प्राधिकरण ठरवते. आणखी महत्त्वाचे असे की, सार्वजनिक हितासाठी केबल किंवा खांब काढणे, हलवणे वा त्याची जागा बदलणे आवश्यक वाटल्यास प्राधिकरण चालकाला तसे सांगू शकते, मुदत घालून देऊ शकते, आणि तो खर्च चालकाने सोसायचा असतो.

म्हणजे ‘ठेका रद्द करा’ या मागणीऐवजी पुढील मजकूर लिहावा: ‘अमुक रस्त्यावरील परिषदेच्या मालकीच्या इतक्या खांबांवर टाकलेल्या केबलला परिषदेची परवानगी आहे किंवा नाही याची तपासणी करावी, परवानगी असल्यास, कलम ४ ख नुसार चालकाला लोंबत्या केबल मुदतीत उचलून घेण्याची किंवा हलवण्याची लेखी सूचना द्यावी, परवानगी नसल्यास, ती घेण्यास सांगून तोवर रहदारीला धोका असलेल्या केबल सुरक्षित कराव्यात.’ या मागणीला ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असे उत्तर देता येत नाही.

इंटरनेट आणि मोबाइल कंपन्यांच्या ऑप्टिकल फायबरसाठी कायदा वेगळा आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील मार्गाधिकार (तारा टाकण्यासाठी जागा वापरण्याचा हक्क) नियम, २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले असून अर्ज पोर्टलद्वारे येतात आणि त्यांवर ठराविक मुदतीत निर्णय द्यावा लागतो. निर्णय न दिल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणून परिषदेत असा अर्ज आला की तो लगेच सदस्यांपुढे ठेवावा, अशी कायमची सूचना ठरावाने करून घेणे शहाणपणाचे. अर्ज फायलीत पडून राहिला, तर परिषद आपल्या रस्त्यासंबंधीच्या अटी घालण्याची संधी गमावते. खोदकामापूर्वी जमिनीखाली काय आहे याची माहिती घेण्यासाठी मार्च २०२३ मध्ये सुरू झालेले ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आहे. फायबर टाकणाऱ्याने ते वापरावे, आणि नळवाहिनी टाकणाऱ्या परिषदेच्या कंत्राटदारानेही वापरावे, असे मला वाटते; कारण फायबर तुटले की परीक्षेच्या दिवशी मुलांचे इंटरनेट बंद पडते आणि नळवाहिनी फुटली की चार दिवस टँकर मागवावे लागतात.

वाहिन्यांचे दर, चित्र अडकणे, बिलातील चूक या तक्रारी परिषदेच्या अर्जात घालू नयेत. त्या चालकाच्या ग्राहक केंद्राकडे नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा, आणि तिथे दाद लागली नाही तर पुढे त्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे जावे. एका अर्जात दोन वेगळ्या यंत्रणांकडच्या तक्रारी मिसळल्या की दोन्ही रखडतात.

बस आणि मेट्रो: कोणाचे काय

या विषयाचा पसारा मोठा आहे, आणि इथेच तयारीचा खरा कस लागतो.

इंदूरची शहर बस अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड ही कंपनी पाहते. डिसेंबर २००५ मध्ये ती स्थापन झाली आणि २००६ च्या सुरुवातीपासून बस धावू लागल्या. बस प्रत्यक्षात कंत्राटावरील खासगी चालक चालवतात आणि मार्ग, थांबे, भाडे व देखरेख कंपनीकडे असते. मार्गाच्या परवान्याचा प्रश्न मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली परिवहन प्राधिकरणाकडे जातो. आग्रा-मुंबई मार्गावरील राजीव गांधी चौक ते निरंजनपूर या सुमारे ११.५ किलोमीटरच्या वेगळ्या मार्गिकेवर २०१३ पासून धावणाऱ्या आय-बसची मार्गिका काढून टाकण्यास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये संमती दिली. राऊकरांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की राजीव गांधी चौकात उतरून वेगळ्या मार्गिकेने वेगात विजयनगर गाठण्याचा जो हिशेब आपण मनात धरला होता, तो आता नव्याने मांडावा लागेल.

मेट्रो केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त मालकीच्या मध्य प्रदेश मेट्रो रेल कॉर्पोरेशनची आहे. इंदूरची पिवळी मार्गिका सुमारे ३१.५ किलोमीटरची वर्तुळाकार आहे. तिचे भूमिपूजन सप्टेंबर २०१९ मध्ये झाले, आणि सुपर कॉरिडॉर या रस्त्यावरील पाच स्थानकांचा सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी, देवी अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दी जयंतीदिनी, सुरू झाला. गांधीनगरच्या टर्मिनलला देवी अहिल्याबाईंचेच नाव आहे, याचा आम्हा मराठी इंदूरकरांना विशेष आनंद आहे. पण हे वर्तुळ राऊला स्पर्श करत नाही, आणि मागणी लिहिताना ही वस्तुस्थिती डोळ्यांआड करू नये.

‘मेट्रो राऊ-पीथमपूरपर्यंत वाढवा’ एवढ्या वाक्याला वजन का येत नाही, हे २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणावरून कळते. केंद्राचे साहाय्य हवे असेल तर शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा लागतो. मेट्रोऐवजी बस किंवा इतर कमी खर्चाचे साधन पुरेल का याचे विश्लेषण लागते. प्रकल्पाचा आर्थिक परताव्याचा दर किमान १४ टक्के दाखवावा लागतो. आणि स्थानकापर्यंत पोचवणाऱ्या पूरक बस व पायवाटांची योजना आधीच मांडावी लागते. या शेवटच्या अटीत लहान परिषदेचे काम आहे. प्रवासी आहेत, ते कुठून कुठे जातात, किती वाजता जातात, आणि थांब्यापर्यंत पायी येण्याची सोय आहे का, याचा पुरावा स्थानिक संस्थाच सर्वांत चांगला गोळा करू शकते.

तो पुरावा असा गोळा करावा. एका कामाच्या दिवशी, सण किंवा परीक्षेचा दिवस टाळून, सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळांत राऊ सर्कलच्या थांब्यावर दोन-दोन जण वही घेऊन उभे करावेत. आमच्याकडे हे काम कॉलेजातल्या दोन मुलींनी आणि निवृत्त झालेल्या एका काकांनी केले. प्रत्येक बसची वेळ, ती थांबली की भरलेली म्हणून पुढे गेली, किती लोक चढले, किती लोक थांबून शेवटी रिक्षा किंवा मॅजिकने (लहान प्रवासी गाडीने) गेले, एवढेच चार रकाने ठेवावेत. पाचव्या रकान्यात कुठे जायचे ते विचारून लिहावे: रेल्वे स्टेशन, एम. वाय. हॉस्पिटल, भंवरकुआँ, विजयनगर, महू, पीथमपूर. ही मोजणी एक दिवसाची नसावी, किमान तीन दिवसांची असावी. काकांच्या वहीतली एक नोंद मला अजून आठवते. सकाळी आठच्या सुमारास पीथमपूरच्या पाळीला निघालेली एक बाई, हातात स्टीलचा डबा, तीन बस भरून गेल्या म्हणून शेवटी अनोळखी मालवाहू गाडीत बसून गेली. मोजणीच्या तक्त्याखाली अशी एक खरी नोंद जोडावी. पुढच्या वेळी तिचे काय होईल हा प्रश्न सभासदाच्या मनात आपोआप उभा राहतो.

आता प्रादेशिक अडचण पाहू. इंदूरहून राऊ, महू आणि पीथमपूरकडे जाणारी एकच बस इंदूर महापालिका, राऊ नगर परिषद, महूची छावणी परिषद आणि पीथमपूर नगरपालिका अशा चार स्थानिक संस्थांच्या हद्दींतून किंवा त्यांच्या लगतून जाते. पीथमपूर तर धार जिल्ह्यात आहे, आणि छावणी परिषद संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. एका परिषदेचा ठराव या बससाठी पुरेसा पडत नाही. म्हणून आपल्या परिषदेत ठराव झाला की त्याची प्रत घेऊन उरलेल्या तिन्ही ठिकाणच्या ओळखीच्या माणसांना गाठावे आणि त्याच मजकुराचा ठराव त्यांच्याकडे करवून घ्यावा. हे काम सावकाश होते, चिकाटीने होते, पण माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक फळ देणारे काम हेच आहे. राज्यघटनेच्या कलम २४३ यङ मध्ये महानगर नियोजन समितीची तरतूद आहे, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने महानगर क्षेत्राच्या नियोजन व विकासाचे विधेयकही मंजूर केले. इंदूर, उज्जैन, देवास, धार यांचा एकत्र विचार होणार असेल, तर त्या टेबलावर राऊचे म्हणणे आधीच ठरावाच्या रूपात लिहिलेले असले पाहिजे.

परिषदेने स्वतः करण्याच्या गोष्टी ठरावात वेगळ्या लिहाव्यात: थांब्यासाठी आपल्या ताब्यातील जागा देणे, थांब्यापर्यंतची पायवाट आणि दिवे, बस वळण्याच्या जागी उभे राहणारे ठेले दुसरीकडे हलवणे, ई-रिक्षांसाठी उभे राहण्याची जागा आखून देणे. बस कंपनीला ‘आमच्याकडे बस पाठवा’ असे नुसते लिहिणाऱ्या गावापेक्षा ‘थांब्याची जागा, दिवे आणि वळण आम्ही तयार केले आहे’ असे लिहिणारे गाव लवकर ऐकले जाते.

अर्जाची भाषा

आपण घरी मराठीत विचार करतो आणि कार्यालयात हिंदीत लिहितो. यात चुका होतात, आणि त्या टाळता येतात. मराठीतल्या ‘तक्रारी’ला तिथे ‘शिकायत’ म्हणावे. ‘तकरार’ लिहिले तर त्याचा अर्थ भांडण असा होतो. आपले ‘निवेदन’ म्हणजे तिथले ‘ज्ञापन’, कारण हिंदीतले ‘निवेदन’ ही केवळ नम्र विनंती असते. ठरावाला ‘प्रस्ताव’ किंवा ‘संकल्प’, विषयपत्रिकेला ‘कार्यसूची’ किंवा सरळ ‘एजेंडा’, इतिवृत्ताला ‘कार्यवाही विवरण’, नगरसेवकाला ‘पार्षद’, मुख्याधिकाऱ्याला ‘मुख्य नगर पालिका अधिकारी’ म्हणजेच ‘सीएमओ’. माहितीच्या अधिकाराचा अर्ज तर इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करावा लागतो, त्यामुळे तो मध्य प्रदेशात मराठीत करून चालत नाही. आमच्या मंडळात मजकूर आधी मराठीत पक्का करतो, मग हिंदीत उतरवतो, आणि शेवटी ज्यांची मातृभाषा हिंदी आहे अशा शेजाऱ्यांकडून वाचून घेतो. त्यामुळे भाषा सुधारतेच, शिवाय त्यांची सहीही मिळते, आणि मागणी एकट्या मराठी मंडळींची न राहता सगळ्या वसाहतीची होते.

बैठकीपूर्वी आणि बैठकीनंतर

परिषदेच्या बैठकीत बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क सदस्यांचा आहे. नागरिकाने मागे बसून हात वर केल्याने विषय पुढे जात नाही; विषय पार्षदामार्फतच विषयपत्रिकेवर यावा लागतो. म्हणून बैठकीच्या बरेच आधी आपल्या पार्षदांना घरी भेटावे, ‘भाऊसाहेब, हा मजकूर तुमच्या नावाने मांडला जावा अशी आमची इच्छा आहे’ असे सांगून तयार ठराव एका पानावर द्यावा, आणि सोबत मोजणीचा तक्ता व खांबांचे फोटो द्यावेत. पार्षद दुसऱ्या पक्षाचे आहेत म्हणून भेट टाळू नये. बस भरून पुढे जाते तेव्हा ती थांब्यावरच्या कोणाचाही पक्ष विचारत नाही. शेजारच्या वॉर्डातील किमान दोन पार्षदांनाही प्रत द्यावी, म्हणजे अनुमोदन देणारे तयार असतात.

वेळ साधणे महत्त्वाचे आहे. खर्चाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि अंदाजपत्रक त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत आकार घेते. दिवे, पायवाट, निवारा यांसाठी पैसा लागणारी मागणी दिवाळीनंतर लगेच पोचवावी. केबल सुरक्षित करण्याची मागणी मात्र पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, आणि गणपतीच्या मिरवणुकीपूर्वी पुन्हा एकदा करावी. उंच मूर्तीच्या गाडीवर उभ्या मुलाला बांबूने तार वर उचलताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ठरावाचा मजकूर दोन भागांत असावा. पहिल्या भागात ‘परिषद असे ठरवते की’ या शब्दांनी सुरू होणारी, परिषदेने स्वतः करायची कामे असावीत, प्रत्येक कामापुढे जबाबदार शाखा आणि तारीख. दुसऱ्या भागात ‘परिषद अशी शिफारस करते की’ या शब्दांनी सुरू होणारी, बस कंपनी, मेट्रो कॉर्पोरेशन, वीज कंपनी, महामार्ग प्राधिकरण यांच्याकडे पाठवायची वाक्ये असावीत. दोन्ही भाग एकत्र केले की पहिला भाग दुसऱ्याच्या आड लपतो. तारीख नसलेले वाक्य मी स्वतः आता ठरावात राहू देत नाही.

बैठक झाल्यावर इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मागावी. ती सहज मिळाली नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे करता येते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवण्याचे कर्तव्य कलम ६ (३) ने त्या कार्यालयावर टाकले आहे. रस्त्याचा मालक नक्की माहीत नसेल तेव्हा या तरतुदीचा फार उपयोग होतो. याच कायद्याखाली कामाची आणि कागदपत्रांची प्रत्यक्ष पाहणीही मागता येते, आणि केबलच्या परवानगीची फाइल पाहायची असेल तर प्रती मागण्यापेक्षा पाहणी मागणे मला अधिक सोयीचे वाटले, कारण फाइलमध्ये काय आहे हे आधी माहीत नसते.

तातडीच्या धोक्यासाठी ठरावाची वाट पाहू नये. तार विजेच्या तारेला टेकली असेल, तर आधी वीज कंपनीला कळवावे, तिला हात लावू नये आणि कोणाला लावू देऊ नये. मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. मंगळवारच्या जनसुनावणीत कलेक्टर कार्यालयात फोटोसह अर्ज देता येतो. तिथे जाताना ठरावाची प्रत असेल तर ती वर लावावी.

आमच्या गल्लीतील तारेसाठी दुसऱ्या वेळी मी अर्ज कलम ४ ख चा उल्लेख करून, खांबाच्या क्रमांकासह आणि उंचीच्या नोंदीसह दिला. लेखी सूचना निघाली, चालकाचा माणूस शिडी घेऊन आला, आणि साडीचा काठ सोडून तार वर ओढून घेतली. बसचा विषय अजून चालू आहे. ठराव झाला आहे, त्याची प्रत बस कंपनीकडे पोचल्याची पावती फाइलमध्ये आहे, पीथमपूरकडून त्याच मजकुराचा ठराव यायचा आहे, आणि त्यांच्या पुढच्या बैठकीच्या तारखेभोवती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी लाल पेनाने गोल केला आहे.